पेवाच्या तोंडाशी ठेवलेला कंदील

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार मराठीच्या प्रश्नपत्रिकेत आजही हमखास येतो. खाजगी शिकवण्यांचे पेव फुटले, चॅनेलांचे पेव फुटले, साहित्य संमेलनांचे पेव फुटले, अशी वाक्ये विद्यार्थी सहज लिहितात आणि गुणही मिळवतात. मात्र 'पेव म्हणजे काय?' असे आम्ही वर्गात विचारतो तेव्हा बहुधा शांतता पसरते. कुणी 'फोड' म्हणतो, कुणी 'धरण' म्हणतो. बीड जिल्ह्यातल्या वडवणी, धारूर, माजलगाव या भागांतून आलेला एखादा विद्यार्थी मात्र थोडा अवघडून उत्तर देतो, 'आमच्या आज्याच्या घरात होतं, सर. आता बुजवलंय.' वाक्प्रचार जिवंत आहे, वस्तू बुजली आहे. भाषेत असे अनेकदा घडते. परंतु बुजलेल्या वस्तूबरोबर तिची निगा राखण्याचे ज्ञान आणि ती निगा राखणारी माणसेही बुजली असतील, तर तो केवळ कोशकारांचा प्रश्न उरत नाही. या लेखात आम्ही घराखालच्या जागेचा, म्हणजे पेवाचा आणि तळघराचा, इतिहास पाहणार आहोत. त्यातही ती जागा तपासण्याचा आणि सांभाळण्याचा इतिहास, कारण बांधकामाविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, देखभालीविषयी लिहिणारे फार थोडे.

वडवणी हे बीड-परळी रस्त्यावरचे गाव. एका बाजूला बालाघाटाचा उंचवटा, दुसऱ्या बाजूला सिंदफणा आणि गोदावरीकडे उतरत जाणारा काळ्या मातीचा सखल पट्टा. या भूगोलातच पेवाचे रहस्य आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) 'काळी' आणि 'पांढरी' या जोडीचे जे विवेचन आहे ते मराठीच्या अभ्यासकांस परिचित असेलच. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. ही विभागणी केवळ महसुली नव्हती. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हातभर खोल भेगा पडतात. ज्या मातीत ज्वारी उत्तम पिकते तिच्यात घराचा पाया टिकत नाही, मग खड्ड्याची भिंत कुठून टिकणार? उलट पांढरी ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या भिंतींची, राखेची, शेणामातीची साचलेली कोरडी माती. तिच्याखाली बहुधा मुरूम. पाणी तिच्यात साचत नाही, ती फुगतही नाही. धान्य काळीने पिकवायचे आणि पांढरीने पोटात ठेवायचे, अशी ही जणू वाटणी होती.

मराठवाड्यातले जुने घर या पांढरीचेच वर उचललेले रूप असते. जाड भिंती मातीच्या किंवा दगडमातीच्या, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट माळवद. भिंतींच्या आत अंधारी, बिनखिडकीची जागा ठेवलेली असे. तिला बळद म्हणतात. माळवदाला ठेवलेल्या भोकातून धान्य वरून बळदात ओतायचे आणि खालच्या लहानशा तोंडातून लागेल तसे काढायचे. वापरातले धान्य कणगीत, वर्षाचे बळदात आणि वर्षानुवर्षांचे पेवात, अशी साधारण उतरंड. पेव कधी ओसरीखाली, कधी वाड्याच्या चौकात, कधी गढीच्या आवारात, तर कधी वेशीजवळच्या मोकळ्या जागेत असे. मोठ्या वाड्यांना याशिवाय पायऱ्यांनी उतरायचे तळघर असे. त्याला जोत्यात झरोके ठेवलेले असत. पेव आणि तळघर यांतला भेद इथे ध्यानात घेतला पाहिजे. तळघर हवेवर जगते, पेव हवा कोंडल्यावर. म्हणून दोघांची देखभालही परस्परविरुद्ध तत्त्वांवर चालते.

जमिनीत धान्य ठेवण्याची ही रीत किती जुनी? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तिथे धान्य साठवण्याचे खड्डे मिळाले. गावच्या मुखियाचे मानले गेलेले घर आणि त्याला लागून असलेले कोठारही मिळाले. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात खड्ड्यातले धान्य आणि गावातली सत्ता एकमेकांच्या शेजारी नांदत होती. ग्रंथांकडे वळले तर कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'च्या दुसऱ्या अधिकरणात, राजाच्या भांडारांची व्यवस्था सांगताना, भूमिगृहाचे वर्णन येते. पाणी नसलेल्या आणि ओल नसलेल्या जागी खड्डा खणावा, त्याच्या बाजू व तळ मोठ्या शिळांनी बांधून काढावा, आत भक्कम लाकडी चौकट उभारावी, असा त्याचा आशय. त्याच प्रकरणात कोठारापाशी पाऊस मोजण्याचे भांडे ठेवण्याचीही सूचना आहे. या दोन सूचना शेजारी शेजारी याव्यात हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. जमिनीखालच्या साठ्याचा खरा शत्रू चोर नव्हे, पाऊस. हे ग्रंथकाराला ठाऊक होते.

आता पेव प्रत्यक्षात कसे सांभाळीत, ते पाहू. पेवाचा आकार घागरीसारखा: तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढे, पोट मोठे. रब्बीची ज्वारी फाल्गुन-चैत्रात खळ्यावरून घरी येई. ती कडक उन्हात वाळवली जाई. दाताखाली धरल्यावर 'कट्' वाजली पाहिजे, ही वाळल्याची कसोटी. आजचे धान्यशास्त्र हेच सांगताना साठवणीच्या दाण्यात १२ टक्क्यांच्या आसपास ओलावा असावा असे म्हणते; दाताची कसोटी त्या आकड्याच्या फार लांब नव्हती. रिकाम्या पेवाची तपासणी त्याआधी होई. आत उजेड धरून भिंतीला कुठे काळपट डाग, कुठे बुरशी, कुठे उंदराचे किंवा घुशीचे बीळ आहे का हे पाहायचे. बीळ दगडमातीने ठेचून भरायचे, भिंती शेणामातीने सारवायच्या, आत काटक्या-गोवऱ्यांचा जाळ करून ओल मारायची, मग ते थंड होऊ द्यायचे. तळाशी भुश्याचा थर, कडेने कडब्याच्या पेंढ्या, जागोजाग कडुलिंबाचा पाला, मग धान्य. वर पुन्हा कडबा आणि भुसा, त्यावर दगडी झाकण, झाकणावर मातीचा थर, आणि तो थर भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच व उतरता, म्हणजे वळवाचे पाणी तोंडाशी थांबू नये. पावसाळ्यात घरधन्याचे एकच काम उरे: प्रत्येक मोठ्या पावसानंतर त्या उंचवट्याला भेग पडली का हे पाहणे आणि पडली असेल तर ती त्याच दिवशी लिंपणे. माळवदावरही हाच नियम चाले. मृगाआधी त्यावर नवी माती घालून चोपणे हे प्रत्येक घराचे वार्षिक काम होते. गळणारे माळवद आणि ओलावलेले पेव ही एकाच आळसाची दोन रूपे मानली जात.

बंद पेवात जे घडते ते मोठे नवलाचे आहे. दाणा सजीव असतो, तो श्वास घेतो. दाण्यांतले किडेही घेतात. तोंड बंद झाल्यावर आतला प्राणवायू संपत जातो, कर्बवायू वाढत जातो. किडे गुदमरून मरतात, अंडी फलत नाहीत, दाणा जणू झोपी जातो. कडेचे वीतभर धान्य ओल धरून काळे पडते, त्याला विशिष्ट वास येतो, ते जनावरांना घालतात. पण त्या काळ्या कवचाआड उरलेले धान्य वर्षानुवर्षे टिकते. हवाबंद पिशव्यांत धान्य साठवण्याचे जे तंत्र आज नव्याने शिकवले जाते, त्याचे तत्त्व हेच आहे. मात्र जी हवा किड्यांना मारते ती माणसालाही मारते. साध्या हवेत प्राणवायू २१ टक्क्यांच्या जवळपास असतो. तो १६-१७ टक्क्यांपर्यंत उतरला की कंदिलाची ज्योत विझते; १० टक्क्यांच्या खाली गेला की माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. शिवाय कर्बवायू हवेपेक्षा जड; तो तळाशी, माणूस जिथे पाय टेकणार तिथेच, साचतो. म्हणून पेव फोडल्यावर ते काही तास, कधी दिवसभर, उघडे ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून तो हळूहळू तळापर्यंत सोडायचा. तो जळत राहिला तर माणूस उतरायचा. विझला तर थांबायचे, सुपाने किंवा घोंगडीने वारा घालून हवा हलवायची, पुन्हा कंदील सोडायचा. वडवणीकडच्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस हे सारे शास्त्र एका वाक्यात सांगितले होते: 'कंदील इझला का मानूस माघारी.' ज्योत माणसाच्या थोडी आधी विझते, आणि त्या थोडक्या अंतरात माणसाचा जीव वाचतो. हे अंतर कुणीतरी, केव्हातरी, मरणे पाहून मोजलेले असणार.

मराठी गद्यात घराखालच्या जागेच्या निगेविषयी काही लिहिले गेले आहे का, असा शोध घेऊ लागल्यावर आम्ही एका अनपेक्षित ठिकाणी जाऊन पोहोचलो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले 'आज्ञापत्र' (सुमारे १७१५-१६) आपण राजनीतीचा ग्रंथ म्हणून शिकवतो, त्याच्या गद्यशैलीवर प्रश्न काढतो. त्यातील दुर्गप्रकरणात दारूखान्याविषयीच्या सूचना आहेत. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, त्यास तळघर करावे, तळघरात गच्ची करावी, जमिनीशी थेट संबंध येऊ नये म्हणून माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत, दमटपणा येऊ देऊ नये. आणि मग खरी महत्त्वाची सूचना: दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण आदी बाहेर काढावे, ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे. तळघराची जागा, त्याची जमीन, ओलीचा बंदोबस्त, तपासणीचा काळ, तपासणी करणारा माणूस आणि तपासणीनंतरची मोहोर, एवढे सारे त्या मोजक्या वाक्यांत येते. तळघराच्या देखभालीचे याहून नेमके मराठी गद्य निदान आमच्या वाचनात नाही.

याला आणखी एक जोड द्यायला हवी. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूण भागातील छावणीच्या अधिकाऱ्यांस लिहिलेले पत्र सर्वपरिचित आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणावैरणीचा साठा आताच उधळला तर पुढे लोक रयतेस पीडा देतील, हा त्यातला भाग नेहमी उद्धृत होतो. परंतु त्याच पत्रात रात्री दिवे जळते ठेवू नयेत, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीस आग लागेल, अशीही ताकीद आहे. राजाने उंदराचा विचार करावा यात आम्हांस राज्यकारभाराची खरी खूण दिसते. साठा राखणे म्हणजे त्याच्याभोवती पहारा उभा करणे नव्हे. उंदीर, ओल, ज्योत आणि आळस यांचा दररोज विचार करणे होय.

या दोन्ही लेखनांत एक गोष्ट समान आहे. तपासणी कुणी करायची याचे उत्तर त्यांत स्पष्ट आहे: हवालदाराने, जुमलेदाराने. जबाबदारीला नाव आहे, पद आहे. खाजगी घराच्या पेवाकडे वळल्यावर मात्र हे उत्तर धूसर होते. पेव कुणाचे हे साऱ्या गावाला ठाऊक असे. पेवात कोण उतरला हे कुठेच नोंदलेले नसते. उतरणारा घरधनी क्वचितच असे. तो बहुधा सालगडी किंवा गावकुसाबाहेरून बोलावलेला माणूस असे, आणि त्याची मजुरी धान्यातच मिळे. ज्याच्या घरात चार दिवसांचे धान्य नाही त्याने चार वर्षांच्या धान्यात उतरायचे, असा हा व्यवहार होता. 'कंदील इझला का मानूस माघारी' या वाक्यातला 'मानूस' कोण, हे आम्ही त्या वृद्ध गृहस्थांना विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, 'कुनी बी असायचा. बोलवायचं.' इतिहासाचा एक मोठा भाग त्या 'कुनी बी'मध्ये बुजलेला आहे असे आम्हांस वाटते.

पेव हे केवळ साठवणीचे साधन नव्हते. ते गावातल्या पतीचे केंद्र होते. पेरणीच्या वेळी बियाणे आणि पोटाला धान्य वाढीदिढीने दिले जाई; म्हणजे पायलीला सुगीत दीड पायली परत. धान्य जितके जास्त काळ टिकणार तितका देणारा जास्त काळ थांबू शकणार, आणि घेणारा मात्र थांबू शकणार नाही; हा या व्यवहाराचा पाया. पेवाचे बंद तोंड म्हणजे भावाची वाट पाहणारे तोंड होते. म्हणूनच दुष्काळात कोठार उघडणारा माणूस आपल्या लोकस्मृतीत संतपदाला पोहोचतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांना मोकळी केली, ही कथा महिपतीने 'भक्तविजया'त (१७६२) सांगितली आणि कीर्तनकारांनी घरोघर पोहोचवली. ही कथा चमत्कारासाठी सांगितली जाते. पण तिच्यामागचे वास्तव हे, की भरलेले कोठार आणि उपाशी गाव एकाच वेळी, एकाच पांढरीवर असणे ही फारच परिचित गोष्ट होती. 'पेव फुटणे' या वाक्प्रचारात आज जो उपहास आहे, तो मुळात नसावा असे आम्हांस वाटते. अरुंद तोंडामागे दाबून ठेवलेली विपुलता एकाएकी बाहेर येणे, हे चित्र पाहणाऱ्याला आधी सुटकेचे वाटले असणार. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द 'पेंव' असा सानुस्वार येतो. त्या अनुस्वाराबरोबर भुकेची ती आठवणही गळून गेली असावी.

वडवणीचा परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संस्थानाने शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य घेण्याची लेव्ही सुरू केली. त्या दिवसांत पेवाला एक नवा अर्थ प्राप्त झाला. धान्य आता उंदरापासून आणि पावसापासूनच नव्हे, तर मोजदाद करणाऱ्या कारकुनापासूनही लपवायचे होते. पेवावर गोठा बांधला, पेवावर कडब्याची गंज रचली, अशा आठवणी मराठवाड्यातल्या जुन्या माणसांकडून ऐकायला मिळतात. लपवलेल्या पेवाची तपासणी अर्थातच करता येत नाही. उघडले तर दिसते, न उघडावे तर सडते. निगा आणि गुप्तता यांचे कधी जमत नाही, हे तत्त्व त्या काळाने अनेक घरांना नुकसान सोसून शिकवले असावे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान संपले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पण पेवे त्यानंतरही काही काळ नांदत होती.

ती संपली ती एका घावाने नव्हे. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले, वखारी उभ्या राहिल्या, साठवणूक हे घराचे नव्हे तर राज्याचे काम ठरू लागले. त्याच दशकात संकरित ज्वारी आली. ती पावसात भिजून काळी पडे आणि फार काळ टिकत नसे. ती पेवात घालण्याच्या योग्यतेचीच नव्हती. १९७२ च्या दुष्काळाने उरलीसुरली पेवे रिकामी केली. त्या वर्षी गावाने परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली आणि दुष्काळी कामावर खडी फोडली. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा (१९७७) उभा राहिला. भुकेविरुद्धची हमी आता जमिनीखाली नव्हे, कायद्यात शोधली जाऊ लागली, आणि ते योग्यच झाले. पुढे जायकवाडी व माजलगाव प्रकल्पांचे कालवे आले, काळीत ज्वारीऐवजी ऊस आणि कापूस आला, लाभक्षेत्रात जमिनीतली ओल वाढली. ज्या तालुक्यांना पाणी मिळाले नाही तिथल्या घरांना दिवाळीनंतर कुलपे लागू लागली. ऊसतोडीला गेलेले कुटुंब चैत्रात परत येईपर्यंत त्या घराच्या भिंतीला भेग पडली की नाही हे पाहणारे कुणी उरले नाही. आणि मग ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत ८ ते १० हजार माणसे गेली; त्यांतली बहुसंख्य दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे कोसळून गेली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. वर्षानुवर्षे दर मृगाआधी घातलेल्या मातीने माळवदाचे ओझे वाढत गेले होते. ज्या निगेने घर गळले नाही, तिनेच ते जड केले, ही गोष्ट या इतिहासात आम्हांस सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. जुनी निगा नेहमी शहाणीच होती, असे म्हणण्याचा मोह म्हणूनच आवरला पाहिजे.

महाराष्ट्रात पेवांची अखेरची मोठी वसाहत होती सांगलीजवळच्या हरिपूरची. तिथे धान्य नव्हे, हळद साठवीत. कृष्णाकाठच्या त्या पेवांनी सांगलीची हळदीची बाजारपेठ अनेक दशके पोसली. २००५ च्या महापुरात नदीचे पाणी त्यांत शिरले आणि पुष्कळ पेवे कायमची निकामी झाली. ओलीपासून वाचवण्यासाठी निवडलेली माती एका पुरात हरली. कौटिल्याने कोठारापाशी पर्जन्यमापक का ठेवायला सांगितला, ते इथे पुन्हा आठवते.

आता प्रश्न असा, की वस्तू संपल्यावर तिच्या निगेच्या इतिहासाचे प्रयोजन काय? आमच्या मते दोन प्रयोजने आहेत आणि दोन्ही व्यवहारातली आहेत.

पहिले असे, की पेव बुजवले म्हणजे ते संपत नाही. जुन्या गावठाणांत आज सिमेंटची घरे उभी राहत आहेत. कचरा आणि मुरूम टाकून घाईने भरलेले पेव वर्षानुवर्षे खचत राहते. वर फरशी बसते, फरशीवर भिंत येते, आणि एखाद्या पावसाळ्यात कोपरा अचानक खाली बसतो. म्हणून जुन्या जागेवर बांधणाऱ्याने पाया खणण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारावे की पेव कुठे होते; पहारीने जमीन ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते पाहावे; सापडलेले पेव थराथराने चोपून भरावे. तालुक्याच्या गावी रस्त्याकडेला आता तळघरांसह इमारती उठत आहेत. तिथे भिंतीवर पांढरा क्षार फुटणे, गिलावा पोकळ वाजणे, कोपऱ्यात कुबट वास येणे, तिरपी भेग दर उन्हाळ्यात रुंदावणे, ही सारी लक्षणे पेव सांभाळणाऱ्याच्या डोळ्यांना तत्काळ कळली असती. रंगाचा नवा हात दिल्याने ओल जात नाही. पाणी बाहेरच्या बाजूने वळवावे लागते. झाकणावरचा मातीचा उंचवटा हाच धडा देत होता.

दुसरे प्रयोजन अधिक गंभीर आहे. बंदिस्त, खोल जागेत माणूस उतरवण्याची वेळ आपल्यावर आजही येते. पेवाची जागा शौचालयाच्या टाकीने, कोरड्या विहिरीने, गटाराच्या चेंबरने घेतली आहे. टाकीत उतरलेला एक गुदमरला, त्याला वाचवायला दुसरा उतरला, मग तिसरा. ही बातमी आपण वर्षातून अनेकदा वाचतो आणि पान उलटतो. इथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे: कंदिलाची कसोटी टाकीला लावू नये. पेवात कर्बवायू असे आणि ज्योत त्याची चाहूल देई. टाकीत ज्वालाग्राही वायू असतो, ज्योतीने स्फोट होऊ शकतो, आणि ज्योत जळत असतानाही माणसाला मारणारे इतर वायू तिथे असतात. जुने ज्ञान जसेच्या तसे उचलून चालत नाही. त्यातून उचलायचे ते तत्त्व: माणसाच्या आधी दुसरे काहीतरी खाली गेले पाहिजे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. 'आज्ञापत्रा'त हवालदाराचे जे स्थान आहे, ते आता कायद्याने मालकाला आणि नगरपालिकेला दिले आहे. तरीही उतरणारा अजून 'कुनी बी'च आहे, आणि बहुतेक वेळा तो त्याच वस्तीतून येतो जिथून पूर्वी पेवात उतरणारा येत असे.

साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयात का पडावे, असे कुणी विचारील. आमचे उत्तर एवढेच, की शब्दांची निगा हे आपले काम आहे, आणि शब्दाची निगा म्हणजे त्याच्या अर्थाचे तोंड अधूनमधून उघडून आत कंदील सोडून पाहणे. 'पेव फुटणे' शिकवताना पुढच्या वेळी आम्ही विद्यार्थ्यांना विपुलतेबरोबर तो अंधार, तो दोर आणि दोर धरून वर उभा असलेला घरधनीही दाखवणार आहोत. आणि खाली उतरणाऱ्याचे नाव काय होते, हा प्रश्न त्यांना घरी जाऊन विचारायला सांगणार आहोत. काही घरांत उत्तर मिळेल. ते वहीत लिहून आणावे, एवढाच गृहपाठ.